रायफलीच्या अचूक काडतुसांसाठी दाबयंत्राची निवड : मापनाचा एक प्रश्न

१. विषय व त्याची मर्यादा

रायफलीच्या काडतुसाचे घटक चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेला प्राइमर, आतील दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. बार झाल्यावर यांपैकी पुंगळी तेवढी शिल्लक उरते. ती फुगलेली असते. पण तिला पुन्हा मूळ आकार देऊन, नवा प्राइमर, मोजलेली दारू व नवी गोळी घातली, की काडतूस पुन्हा उपयोगी पडते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आली आहे. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे ‘आयडियल’ नावाचा कारखाना काढला आणि पक्कडीसारखे, हातात धरून वापरावयाचे पुनर्भरणाचे साधन विकावयास आरंभ केला. आज त्या पक्कडीची जागा मेजाला घट्ट जखडलेल्या दाबयंत्राने घेतली आहे. प्रारंभी या उद्योगाचा हेतू काटकसरीचा होता. पुढे अचूकता हा स्वतंत्र हेतू त्यास येऊन मिळाला. कारण एका विशिष्ट रायफलीच्या मापाबरहुकूम तयार केलेले काडतूस हे सर्वांसाठी घाऊक तयार केलेल्या काडतुसाहून सरस ठरू शकते.

महाराष्ट्रातील वाचकास रायफल म्हटली की तेजस्विनी सावंत यांचे २०१० चे म्युनिक येथील जागतिक विजेतेपद किंवा स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ चे पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक आठवणे स्वाभाविक आहे. परंतु त्या ५० मीटरच्या स्पर्धांतील काडतुसात स्फोटक द्रव्य पुंगळीच्या कडेतच भरलेले असते व आघाताने ती कड चेपली जाते. असे काडतूस पुन्हा भरता येत नाही. प्रस्तुत विवेचन मध्यभागी स्वतंत्र प्राइमर असणाऱ्या काडतुसांपुरते मर्यादित आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे. म्हणून येथील उदाहरणे अमेरिकेतील आहेत. तथापि त्यांतून निघणारा प्रश्न कोणत्याही प्रयोगशाळेत उद्भवणारा आहे : एखादे साधन दुसऱ्याहून चांगले आहे, हे कोणत्या पुराव्यावरून ठरवावे?

२. पुंगळीवरील क्रिया

पुंगळी साधारणतः सत्तर टक्के तांबे व तीस टक्के जस्त असलेल्या पितळेची असते. बार होताना ती नळीच्या मागील कोठीच्या भिंतीस चिकटून फुगते व दाब ओसरताच किंचित आकसते. तिला पुन्हा आकार देण्यासाठी पोलादी डायमध्ये दाबावे लागते. या क्रियेत जुना प्राइमर बाहेर ढकलला जातो, पुंगळीचे अंग व मान अरुंद होते आणि खांदा किंचित मागे सरकतो. अचूक नेमबाजीत हे सरकणे सामान्यतः एक ते दोन सहस्रांश इंच ठेवतात. याहून कमी झाल्यास बोल्ट जड बंद होतो. पुष्कळ अधिक झाल्यास पुंगळी प्रत्येक बारात ताणली जाऊन बुडाजवळ अशक्त होते आणि अखेर तेथून तुटण्याचा धोका निर्माण होतो.

दुसरी महत्त्वाची क्रिया गोळी बसविण्याची. येथे लागणारे बळ थोडे, पण सरळपणाची अपेक्षा मोठी असते. गोळीचा अक्ष व पुंगळीचा अक्ष एकच असावा, अशी अपेक्षा असते. ते न जुळल्यास गोळी नळीतील सर्पिल खाचांत तिरपी शिरते व तिचा गुरुत्वमध्य भ्रमणाक्षावर राहत नाही. या दोषास येथे विकेंद्रता म्हटले आहे. काडतूस दोन आधारांवर फिरवून गोळीच्या टोकाजवळ डायल गेज लावले, की ती मोजता येते. एका पूर्ण फेऱ्यातील काट्याची एकूण हालचाल ही त्या जागच्या विकेंद्रतेच्या दुप्पट असते, हे ध्यानात न घेतल्याने दोन निरनिराळ्या नोंदींची तुलना करताना घोटाळा होतो.

दारूचे वजन, गोळ्यांची एकरूपता, नळीचा दर्जा, वारा आणि नेमबाजाचा हात या गोष्टींवर दाबयंत्राचा काही अधिकार चालत नाही. यंत्राच्या निवडीचा विचार करताना ही मर्यादा प्रथमच मान्य केली पाहिजे.

३. दाबयंत्रांचे प्रकार

सर्व दाबयंत्रांचे मूळ तत्त्व एक आहे. खालून वर सरकणारा दट्ट्या पुंगळीला वर नेतो; वर चौकटीत डाय आट्यांनी बसविलेला असतो. दांड्याचे बळ दट्ट्यापर्यंत पोचविणारी सांधेजोड अशी असते, की दट्ट्या शेवटास पोचताना तिचे दोन भाग एका रेषेत येऊ लागतात. त्या स्थितीत यांत्रिक लाभ झपाट्याने वाढतो. म्हणून जिथे सर्वांत अधिक बळ हवे तिथे ते अनायासे मिळते. डायचे आटे बहुतेक उत्पादकांनी एकाच मापाचे ठेवले आहेत : व्यास सात-अष्टमांश इंच व इंचाला चौदा आटे. त्यामुळे एकाचा डाय दुसऱ्याच्या यंत्रात बसतो. या मापाचा आणखी एक परिणाम असा, की डाय एक पूर्ण फेरा फिरविल्यास सुमारे एकाहत्तर सहस्रांश इंच सरकतो. एक सहस्रांश इंचाचा फरक करावयाचा तर तो जेमतेम पाच अंश फिरवावा लागतो. चेक नट घट्ट करताना डाय एवढा सहज हलू शकतो.

चौकटीच्या आकारावरून पहिला भेद पडतो. एका बाजूने उघड्या चौकटीत हात घालणे सोयीचे असते; परंतु भार येताच ती किंचित फाकते, आणि फाकताना वरचा भाग तिरपा होतो. बंद कड्यासारख्या चौकटीत भार दोन्ही बाजूंच्या खांबांत वाटला जातो व ताण बहुतांशी सरळ रेषेत राहतो. फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये स्थापन केलेल्या, कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथील आरसीबीएस कारखान्याचे ‘रॉक चकर’ हे या बंद प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्यात एका वेळी एकच डाय बसतो व एका खेपेस एकच क्रिया होते.

दुसरा प्रकार फिरत्या माथ्याचा. त्यात चार-सहा डाय एका चकतीत बसविलेले असतात व चकती फिरवून हवा तो डाय दट्ट्यावर आणतात. डाय मध्यखांबापासून दूर असल्याने भाराखाली चकती एका बाजूस कलते. तिसरा प्रकार प्रगामी यंत्राचा. त्यात दांड्याच्या एका खेपेस अनेक पुंगळ्यांवर निरनिराळ्या क्रिया एकदम होतात व दर खेपेस एक काडतूस तयार होऊन पडते. चौथा प्रकार आर्बर प्रेसचा. यात हाती वापरावयाचे, आटे नसलेले डाय असतात. पुंगळी प्रथम डायच्या पोकळीत संपूर्ण शिरून सरळ होते आणि मग वरून केवळ दाब दिला जातो. सरळपणाची सर्व जबाबदारी येथे डायवर असते. यंत्राने फक्त ढकलावयाचे असते.

४. ताठरपणा, मोकळीक आणि पुनरावृत्ती

यंत्र जितके वजनदार तितके काडतूस सरळ, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. यात दोन गोष्टींची गल्लत आहे. ताठरपणा हा गुण मापाच्या पुनरावृत्तीसाठी आवश्यक आहे : प्रत्येक पुंगळीचा खांदा तितकाच मागे सरकला पाहिजे, आणि त्यासाठी चौकट प्रत्येक वेळी तितकीच ताणली गेली पाहिजे. सरळपणा ही त्याहून निराळी गोष्ट आहे.

उपकरणशास्त्रात मॅक्सवेल व केल्व्हिन यांच्या काळापासून परिचित असलेले एक तत्त्व येथे लागू पडते. ताठर वस्तूच्या हालचालीस सहा स्वतंत्र दिशा असतात. त्यांपैकी जितक्या रोखावयाच्या तितकेच आधार द्यावेत. अधिक दिल्यास ते आधार परस्परांशी झगडू लागतात व वस्तू वाकते. पुंगळी डायमध्ये शिरते तेव्हा डायची पोकळी स्वतःच तिला मध्यावर आणीत असते. त्याच वेळी पुंगळीधारकाने तिचे बूड घट्ट एका बाजूस धरून ठेवले, आणि दट्ट्याचा अक्ष डायच्या अक्षाशी काही सहस्रांश इंचाने चुकलेला असला, तर दोन आधारांच्या ओढाताणीत पुंगळीची मान वाकते. उलट धारकास किंवा डायला थोडी आडवी मोकळीक दिली, तर पुंगळी आपली जागा आपण शोधते. इलिनॉय राज्यातील लॅनार्क येथील फॉर्स्टर कारखान्याचे ‘को-ॲक्स’ यंत्र याच तत्त्वावर रचलेले आहे. त्यात डाय आट्यांनी आवळलेला नसतो. त्याची कडी एका खाचेत सरकवून ठेवलेली असते, आणि पुंगळीचे बूड धरणारे जबडेही थोडे हलू शकतात. साध्या यंत्रातही डायच्या कडीखाली रबरी वलय घालून हीच मोकळीक काही अंशी साधणारे नेमबाज आहेत.

दुसरा मुद्दा पुनरावृत्तीचा. फिरत्या माथ्याची चकती भाराखाली कलते, हा दोष खरा. परंतु प्रत्येक पुंगळीस ती सारखीच कलत असेल, तर खांद्याच्या मापात त्यामुळे विखुरणी येत नाही. डाय तेवढा अधिक खाली घेतला की ते माप साधते. नियमित दोष व यादृच्छिक दोष यांतील हा परिचित भेद आहे. प्रगामी यंत्रात मात्र चकतीवरील भार इतर स्थानी किती पुंगळ्या आहेत यावर अवलंबून असतो. म्हणून आरंभीच्या व अखेरच्या काही काडतुसांची मापे मधल्या काडतुसांहून किंचित वेगळी येऊ शकतात. येथे दोष नियमित राहत नाही.

तिसरी गोष्ट अशी, की मान वाकण्याचे कारण पुष्कळदा यंत्रात नसून डायमध्ये असते. आकार देऊन झाल्यावर पुंगळी खाली येताना तिच्या मानेतून आतला फुगीर गोळा ओढला जातो. मान कोरडी असली किंवा तिच्या भिंतीची जाडी असमान असली, तर ही ओढ मानेला एका बाजूस वळविते. हा दोष नवे यंत्र घेतल्याने जात नाही.

५. लक्ष्यावरील पुरावा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. नेमबाज सामान्यतः असे करतो : जुन्या यंत्रावर केलेल्या काडतुसांच्या पाच गोळ्या व नव्या यंत्रावरील पाच गोळ्या शंभर यार्डांवर झाडतो, प्रत्येक पुंजातील परस्परांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन छिद्रांमधील अंतर मोजतो, आणि ज्याचे अंतर कमी ते यंत्र चांगले ठरवितो. या अंतरास पुढे ‘महत्तम अंतर’ म्हटले आहे. कोनाचे एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, शंभर यार्डांवर १.०४७ इंच भरते; त्या मापात हे अंतर सांगण्याची प्रथा आहे.

मेरीलँडमधील ॲबर्डीन येथील प्रक्षेपिकी संशोधनशाळेचे संख्याशास्त्रज्ञ फ्रँक ग्रब्ज यांनी १९६४ मध्ये रायफलधाऱ्यांसाठी व क्षेपणास्त्र-अभियंत्यांसाठी अचूकतेच्या संख्याशास्त्रीय मापांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. आडवे व उभे विचलन परस्परांपासून स्वतंत्र, प्रसामान्य व सारख्याच प्रमाण विचलनाचे मानले, तर पाच गोळ्यांच्या महत्तम अंतराचे माध्य त्या प्रमाण विचलनाच्या सुमारे ३.०७ पट व त्या अंतराचे स्वतःचे प्रमाण विचलन सुमारे ०.८३ पट येते. समजा, एका रायफलीचे प्रमाण विचलन ०.३ मिनिट आहे. तर पाच गोळ्यांचे सरासरी महत्तम अंतर ०.९२ मिनिट होईल. परंतु एक पुंज ०.६७ चा व दुसरा १.१७ चा येणे ही अगदी नेहमीची घटना ठरेल. काडतुसे तीच, यंत्र तेच, नेमबाज तोच. ज्या फरकावरून नव्या यंत्राची स्तुती किंवा निंदा होते, तो फरक पुष्कळदा एवढाच असतो.

यापुढील अडचण अधिक मूलभूत आहे. स्वतंत्र कारणांनी येणारी विखुरणी सरळ बेरजेने वाढत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज होते. समजा, यंत्राखेरीज इतर सर्व कारणांनी ०.५ मिनिट प्रमाण विचलन येते व यंत्राच्या वाकडेपणामुळे ०.१ मिनिट येते. एकूण विचलन ०.२५ अधिक ०.०१ यांचे वर्गमूळ, म्हणजे ०.५१ मिनिट होईल. दोष संपूर्ण नाहीसा केला तरी लाभ दोन टक्क्यांचा. एका यंत्राच्या काडतुसांच्या न गोळ्या झाडल्या, तर आडवे व उभे मिळून सुमारे दोन न स्वतंत्र निरीक्षणे मिळतात व प्रमाण विचलनाच्या अनुमानातील सापेक्ष प्रमाण त्रुटी एक भागिले न च्या वर्गमुळाची दुप्पट एवढी राहते. दोन यंत्रांतील दोन टक्क्यांचा फरक प्रमाण त्रुटीच्या निदान दुप्पट भरावयाचा, तर प्रत्येक यंत्रामागे सुमारे पाच हजार गोळ्या झाडाव्या लागतील. अचूक नेमबाजीच्या नळीचे उत्तम आयुष्य काडतुसाच्या प्रकारानुसार साधारणतः एक ते पाच हजार गोळ्यांचे असते. म्हणजे निर्णय लागण्यापूर्वी नळीच झिजून जाईल, आणि झिजत्या नळीने विखुरणीचे मूळ मापही पालटलेले असेल.

याउलट मेजावर रायफल टेकवून केवळ लहानात लहान पुंज साधण्याची जी स्पर्धा अमेरिकेत रूढ आहे, तिच्यातील रायफली फार निराळ्या असतात. इतर कारणांचे प्रमाण विचलन ०.०८ मिनिट व यंत्राचे ०.०४ मिनिट मानले, तर एकूण ०.०८९ मिनिट होते. येथे लाभ सुमारे बारा टक्क्यांचा आहे, आणि तो दाखविण्यास प्रत्येकी सुमारे दीडशे गोळ्या पुरतात. त्या स्पर्धकांनी आर्बर प्रेस व हाती डाय पत्करले, यात केवळ हौस नाही. त्यांच्या रायफलीत तो फरक दिसण्याजोगा असतो. शिकारीच्या रायफलीच्या मालकाने त्यांचे अनुकरण करण्यास मात्र तसा आधार नाही.

६. मेजावरील पुरावा

लक्ष्य जो प्रश्न सोडवू शकत नाही, तो डायल गेज सोडवू शकते. कल्पित आकडे घेऊ : एका यंत्रावरील काडतुसांत काट्याची सरासरी हालचाल १.५ सहस्रांश इंच व प्रमाण विचलन ०.८, दुसऱ्यावरील सरासरी ३.० व प्रमाण विचलन १.२. प्रत्येकी तीस काडतुसे मोजल्यास सरासरींतील फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे ०.२६ येते, फरक तिच्या पाचपटीहून अधिक आहे. एकही गोळी न झाडता, एका संध्याकाळच्या मोजणीत यंत्रांमधील भेद निःसंशय ठरतो. खांद्याच्या मापाचीही हीच गोष्ट. अट एवढीच, की दोन्ही ठिकाणी एकाच खेपेच्या पुंगळ्या, तोच डाय, तेच वंगण व त्याच गोळ्या असाव्यात, आणि कोणती पुंगळी कोणत्या यंत्रावर जावी हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. तसे न केल्यास पुंगळ्यांतील भेद यंत्राच्या नावावर जमा होतो.

येथे एक रास्त आक्षेप घेता येईल. गेजवर दिसणारा भेद लक्ष्यावर महत्त्वाचा आहे, हे कोणी सांगितले? मधल्या राशीचे मापन सोपे असते म्हणून ती अखेरच्या राशीची जागा घेऊ शकते असे नव्हे. या आक्षेपाचे उत्तर देण्याची वाट मॅसॅच्युसेट्समधील डॉ. फ्रँकलिन मान यांनी बऱ्याच पूर्वी दाखविली आहे. वैद्यकाचे पदवीधर असलेल्या मान यांनी दीर्घकाळ प्रयोग करून १९०९ मध्ये गोळीच्या उड्डाणावर ग्रंथ प्रसिद्ध केला. नेमबाजाच्या हाताचा दोष घालविण्यासाठी त्यांनी नळी एका भक्कम, जमिनीत रोवलेल्या आधारावर ठेवली, आणि गोळ्यांत मुद्दाम मोठे दोष निर्माण करून त्यांचा लक्ष्यावरील परिणाम पाहिला. कारण लहान असताना परिणाम दिसत नसेल, तर कारण मोठे करावे, असा या पद्धतीचा मथितार्थ आहे.

वरील उदाहरणात ती लावून पाहता येते. वाकडेपणाचा परिणाम त्याच्या प्रमाणात वाढतो असे मानले आणि नेहमीच्या पाचपट वाकडी काडतुसे मुद्दाम तयार केली, तर ०.१ च्या जागी ०.५ मिनिट विखुरणी येईल व एकूण विचलन ०.७१ होईल. हा फरक प्रत्येकी सुमारे वीस गोळ्यांत उघड होतो. तसा तो झाला, तर नेहमीच्या वाकडेपणाचा वाटा मागे मोजून काढता येतो. न झाला, तर त्या रायफलीपुरता तरी सरळपणासाठी खर्च करण्यात अर्थ नाही. पाच हजार गोळ्यांचा प्रश्न अशा रीतीने चाळीस गोळ्या व साठ मोजण्या यांत मावतो.

७. निवडीचा क्रम

या विवेचनावरून निवडीचा क्रम असा लागतो. प्रथम सुरक्षितता. एक डायच्या यंत्रावर काम करणारा मनुष्य दारू भरलेल्या पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून, उजेडात एकामागून एक पाहू शकतो. एखादीत दुप्पट दारू पडली असल्यास ती नजरेत येते. प्रगामी यंत्रात ही संधी कमी असते, आणि अशी एक चूक रायफल व मनुष्य दोहोंसही घातक ठरू शकते. दुसरे, बंद चौकट व ढिला न झालेला दट्ट्या. जुन्या प्राइमरची खरखरीत राख दट्ट्यावर पडून तो झिजतो; म्हणून ती थेट खाली नेणारी रचना असणे हा दिसण्यास क्षुल्लक पण टिकाऊपणाच्या दृष्टीने मोठा गुण आहे. त्या राखेत शिशाचा अंश असल्याने आरोग्याच्या दृष्टीनेही तो इष्ट आहे. तिसरे, पुंगळीधारकास किंवा डायला मोकळीक. चौथे, लागणाऱ्या काडतुसांची संख्या. महिन्यास पन्नास काडतुसे करणाऱ्यास प्रगामी यंत्राचा वेग निरुपयोगी आहे. आठवड्यास शेकडो करणाऱ्यास एक डायचे यंत्र थकवा आणील, आणि थकलेल्या हातून चुका होतात.

वजन, किंमत व ख्याती यांचा क्रमांक यानंतरचा. हजार यार्डांवरील नेमबाजीत तर गोळीच्या वेगातील फरकाचे महत्त्व अधिक वाढते. ०.३०८ इंची काडतुसाच्या नेहमीच्या लक्ष्यगोळीचा वेग सेकंदास दहा फुटांनी कमी झाल्यास ती त्या अंतरावर सुमारे तीन ते चार इंच खाली लागते. तो फरक दारूच्या वजनातून व पुंगळीच्या एकरूपतेतून येतो. म्हणून यंत्रावर वाचविलेले पैसे अचूक तराजूवर व डायल गेजवर खर्च करणे अधिक फलदायी ठरण्याचा संभव आहे. तराजू विखुरणीचे एक मोठे कारण कमी करतो, आणि गेज उरलेल्या कारणांपैकी कोणते यंत्राचे व कोणते डायचे हे वेगळे करून दाखविते.